सत्तर हजारांचा आसट भात

सासरे पहिल्यांदाच लंडनला आले होते. ते पडले कोल्हापूरचे, शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध खंडोबा या तालमींच्या मॅच बघत मोठा झालेला माणूस, त्यांना फुटबॉल आपण काय शिकवणार. म्हटलं प्रीमियर लीगची मॅच दाखवू, पण साधी तिकिटं आधी मेंबरांनाच जातात, मग बायको म्हणाली घे की ते हॉस्पिटॅलिटीचं, म्हणजे लाउंजमधल्या जेवणासकटचं महाग तिकीट, बाबा काय रोज येतात का.

माणशी २७५ पाउंड. पुढच्या पानावर बारीक अक्षरात 'अधिक व्हॅट', तो इथे २० टक्के, म्हणजे झाले ३३०. दोघांचे ६६०, रुपयांत सत्तर हजारांच्या वर. बाबांना सांगितलं ऑफिसतर्फे आहे.

लाउंजमध्ये टेबलावर पांढरी चादर, तीन तीन काटे, मेनूत चिकन. बाबा म्हणाले, "अहो जावईबापू, आज शनिवार." तांबड्या-पांढऱ्यावर वाढलेला माणूस पण शनिवारी शिवत नाही, हे मी साफ विसरलेलो. मग व्हेज. इकडे व्हेज म्हणजे मश्रूमचा रिसोटो, तो पण पाऊण तासाने, वर एक पान ठेवून. बाबांनी काट्याने उकरला, "आसट भात आहे की हो." अजून थोडा मागितला तर पोरगी गोड हसून म्हणाली एकाला एकच प्लेट. आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत वाढपी नको नको म्हणताना ताटावर आडवे धरलेले हात चुकवून जिलबी टाकतो, आणि इथे सत्तर हजार मोजून भात मोजून.

मँचेस्टर युनायटेडचा कॅप्टन रॉय कीन २००० साली आपल्याच क्लबच्या असल्या प्रेक्षकांवर चिडला होता, कोळंबीची सँडविचेस खातात आणि मैदानावर काय चाललंय ते यांना कळत नाही म्हणून. आम्हाला कोळंबी पण नव्हती.

खुर्च्या मात्र मऊ, त्याला नाव ठेवणार नाही. पण बिअर खुर्चीवर न्यायची नाही, १९८५ चा कायदा आहे, मैदान दिसत असताना दारू प्यायची नाही. म्हणून हाफटाइमला लाउंजच्या काचांवर सगळे पडदे खाली, ज्या व्ह्यूचे पैसे घेतले तोच झाकून बार चालू. कायदा पाळला म्हणे! बाबांच्या कोल्हापुरात यापेक्षा सरळ पळवाटा काढतात.

हाफटाइम १५ मिनिटांचा आणि चहाची रांग वीस मिनिटांची. आमचा नंबर आला तेवढ्यात बाहेर एकच आरडाओरडा, गोल! पडदे अजून खालीच. आम्ही तो गोल बारवरच्या टीव्हीवर बघितला, हातात कोमट चहाचे कागदी कप घेऊन.

परत खुर्चीवर आलो तर समोरच्या कोपऱ्यात पाहुण्या टीमची पोरं उड्या मारत गात होती, गोल त्यांचाच होता. बाबा कितीतरी वेळ मॅच सोडून त्यांच्याकडेच बघत बसले.

"ती किती देऊन आली असतील हो?"

"तीस पाउंड. २०१६ पासून पाहुण्यांना त्याच्यावर लावत नाहीत."

बाबा काही बोलले नाहीत. ट्यूबमध्ये सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला, काय होतं जेवायला? "आसट भात. मीठ कमी." फोन ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "पुढच्या वेळी ऑफिसला सांगा, आम्हाला त्या कोपऱ्यात बसवा म्हणावं."