उंचीचं काय घेऊन बसलात!

लेकरू कडेवर घेऊन चौकातून जाताना निदान तीन घरांतून "बाळसं धरलं गा!" असं ऐकू आलं पाहिजे. एवढं ध्येय आधी पक्कं करा. उंची कुणाच्या नजरेत भरत नाही, गाल भरतात. तेव्हा सगळी मेहनत गालांवर घ्यावी.

पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, असं अंगणवाडीच्या ताई सांगतात. ऐका बापडं त्यांचं, सातव्या महिन्यापासून भरपाई करता येते. त्या म्हणतील, घट्ट वरण नि मऊ भात कुस्करून द्या, वरून चमचाभर तेल, ज्वारीच्या कण्या, अंडं. तुम्ही वरणाचं वरचं पाणी पाजा. डाळ भांड्याच्या तळाशी राहते, ती वावरातून आलेल्या मोठ्यांना होते. अंडं "अजून पचायचं नाही". त्याच पोटात चहात बुडवलेलं बिस्कीट मात्र बिनबोभाट पचतं. मैदा, साखर आणि पामतेल, तिन्ही वजनाच्या कामाचे, हाडाच्या कामाचं त्यात काही नाही.

हाडाला डाळ, दूध, अंडं लागतं आणि जुलाब नसलेले दिवस लागतात. म्हणून माठात हात बुडवून पेला भरायची घरची रीत मोडू नका. दर पावसाळ्यात दोन-तीनदा हगवण लागली की उंची थबकते. वजन पुढं बिस्किटांवर भरून निघतं, उंचीची तूट तशी सहज भरत नाही. ठेंगणं आणि गोल, दोन्ही गुण एकाच लेकरात बसवता येतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के लेकरं वयाच्या मानानं खुजी निघाली. त्याच वयातली जाड लेकरं आधीच्या पाहणीत १.९ टक्के होती, ती ४.१ झाली. दोन्ही आघाड्यांवर राज्य कुठंच कमी पडलेलं नाही.

जन्मताच लेकरू लहान असेल तर आणखी घाई करा. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं मोजली. सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडच्या बाळांचं ३.५. पण आपल्या बाळांत कमी होतं ते मांस, खांद्यामागच्या कातडीखालची चरबी जवळपास तेवढीच. म्हणजे पाया घालूनच आणलेला असतो, तुम्ही फक्त साखर घालून मजले चढवायचे.

खरी संधी पहिल्या वाढदिवसानंतर. पहिल्या वर्षात लेकरू ५० सेंटिमीटरचं ७५ होतं, वजन तिप्पट. दुसऱ्या वर्षात उंची १२ सेंटिमीटर वाढते नि वजन अडीच किलो, त्यापुढं वर्षाला साधारण दोनच किलो. वाढ मंदावली की भूकही मंदावते, आणि चालतं-पळतं पोट्टं पाच-सहा वर्षांपर्यंत सडसडीत होत जातं. त्याचं ते वयच असतं. तुम्ही मात्र हादरा. आजीनं "वाळला वं पोट्टा" म्हणायचं, मायनं मोबाइल समोर धरून घास कोंबायचा, बापानं आठवडी बाजारातून पाच रुपयांच्या पुड्यांची माळ आणायची. पोट भरल्याची खूण लेकराला आपोआप कळते. पडद्याकडं बघत खाल्लं की ती खूण चुकते, आणि रोज चुकली की बंदच पडते. सहाव्या वर्षानंतर यायची ती चरबी तिसऱ्या-चौथ्या वर्षीच चढायला लागली, तर पुढं जाडीचा धोका वाढतो. आपल्याला हवंय तेच.

यात एक बक्षीसही आहे. असलं पोट्टं पहिलीच्या रांगेत बरेचदा मागं उभं राहतं, उंच! सगळ्यांची तोंडं बंद. जाड लेकराचं हाड वयाच्या पुढं पळत असतं, म्हणून ते आधी उंच दिसतं. ते वयातही लवकर येऊ शकतं, हाडांची टोकं लवकर जुळतात आणि वाढ तिथंच थांबते. दहावीत ते मधल्या रांगेत सरकलेलं असतं. पहिलीचा फोटो तेवढा जपून ठेवा.

राहिला अंगणवाडीतल्या मोजणीचा दिवस. दोन वर्षांखालच्या लेकराला निजवून मोजतात. एकीनं डोकं धरायचं, दुसरीनं गुडघे दाबून तळवे पाटीला टेकवायचे. तुम्ही लेकराला रडवा म्हणजे गुडघा वाकतो आणि दोन सेंटिमीटर गळतात. मोठ्याला उभं करून मोजतात, टाचा, कुल्ले, पाठ नि डोकं फळीला टेकवून, नजर समोर. त्याला वर छताकडं बघायला सांगा. उंची कमी भरली की उंचीच्या मानानं वजन जास्त दिसतं नि लुकडं लेकरूही ताईंच्या मोबाइलवरल्या नोंदीत ठणठणीत उतरतं. ताई म्हणाल्या, "दोन वर्षांच्या पोराला ८१ सेंटिमीटरच्या खाली खुजं धरतात, तुमचा ७९ आहे", तर "आमच्या खानदानातच ठेंगणे" म्हणून कडेवर उचलून घ्या. घरी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं रेघ ओढायचा मोह होईल. आवरा, कारण एक ओढली की सहा महिन्यांनी दुसरी ओढावी लागते. ओढायचीच झाली तर चपला घालून ओढा.