टुकूटुकू खेळणाऱ्यांना शिव्या घालण्याआधी स्कोअरकार्ड उघडा

परवा भाच्याची नेट बघायला गेलो होतो. तेरा वर्षांचा आहे, ओपनिंग करतो. ऑफ स्टंपच्या वीतभर बाहेरून जाणाऱ्या बॉलवर पठ्ठ्याने बॅट फेकली, कड लागून बॉल जाळीत. "अरे, सोडायचा ना!" म्हटलं, तर मलाच शिकवतोय, "मामा, सोडणारे भित्रे असतात. पप्पांनी मेसेज पाठवलाय."

पप्पा म्हणजे आमचे भावोजी. 'भित्र्या क्रिकेटने भारताचं वाटोळं केलं' हे फॉरवर्ड मलाही तीन ग्रुपांवर आलं होतं, मी वाचून सोडून दिलं. आता पोराच्या बॅटपर्यंत पोचलंय म्हटल्यावर गप्प बसवत नाही.

फॉरवर्डमधल्या भित्र्यांच्या यादीत पहिलं नाव बापू नाडकर्णींचं. 1964 साली मद्रासला इंग्लंडविरुद्ध सलग 21 ओव्हर मेडन, म्हणजे एकही रन न देता, टाकल्या म्हणून! अहो, बापू बॉलिंग करत होते. 32 ओव्हर, 27 मेडन, 5 रन. मारायचं काम समोरच्या बोलस आणि बॅरिंग्टनचं होतं, त्यांना विचारा ना. लिहिणाऱ्याला बॉलर कोण आणि बॅट्समन कोण हेही ठाऊक नसावं.

दुसरा मुद्दा गावसकरांचा. 1975 चा वर्ल्ड कप, लॉर्ड्स, इंग्लंडचे 60 ओव्हरमध्ये 334 आणि गावसकर 174 बॉलमध्ये नाबाद 36. बरं, हे मान्य. त्या खेळीची बाजू मी घेणार नाही, कोणी घेऊही नये. पण एका वनडेवरून अख्ख्या कसोटी क्रिकेटला फाशी?

आता मूळ दुखणं. 'पुजारासारख्यांमुळे आपण जिंकणाऱ्या मॅच घालवल्या, पोरांना बॉल सोडायला शिकवणं बंद करा.' हे लिहिणाऱ्याने 19 जानेवारी 2021 चं ब्रिस्बेनचं स्कोअरकार्ड उघडावं. तिथल्या गॅबा मैदानावर ऑस्ट्रेलिया 1988 नंतर हरलेली नव्हती. आपल्याला 328 हवे होते, रोहित 7 वर गेलेला. पुजाराने 211 बॉल खेळले, 56 केले. म्हणजे पस्तीस ओव्हर एकट्याने खाल्ल्या. हेल्मेटवर, बरगड्यांवर, बोटांवर असे अकरा वेळा बॉल अंगावर घेतले. हेझलवूडचा एक बोटावर बसला तेव्हा बॅट टाकून तो खाली लोळला, मग उठला आणि पुन्हा स्टान्स घेतला. याला भित्रा म्हणायचं?

आणि त्या पस्तीस ओव्हरचा हिशेब कोण करणार? तो टिकून होता म्हणून दुसऱ्या टोकाला गिल 91 पर्यंत पोचला. पुजारा गेला तेव्हा दुसरा नवा बॉल नुकताच घेतला होता, 228 झाले होते, शंभर उरले होते आणि कमिन्स-हेझलवूडच्या पायांत दिवसभराचा शीण होता. पंतचे नाबाद 89 सगळ्यांना आठवतात. आठवावेतच, मीही घरात ओरडलो होतो. पण ते पुजाराने शिजवलेल्या भातावर वाढलेलं वरण होतं. त्याआधी 2018-19 ला ऑस्ट्रेलियात पहिल्यांदाच मालिका जिंकलो, तेव्हाही त्याचेच 1258 बॉल आणि 521 रन.

हो, ब्रिस्बेनच्याच 2020-21 च्या दौऱ्यात सिडनीच्या पहिल्या डावात त्याने 176 बॉलमध्ये पन्नास केले, तेव्हा मीही वैतागलो होतो. कधीकधी अति करायचा, खोटं कशाला बोलू.

'ड्रॉ बंद करा' म्हणणाऱ्यांना त्याच सिडनीचा शेवटचा दिवस पुरे. पाय आखडलेला विहारी 161 बॉल, पाठ धरलेला अश्विन 128. ती मॅच गेली असती, तर ब्रिस्बेनला मालिका जिंकायला उरलंच काय असतं?

राहिला फॉरवर्डचा लाडका बॅझबॉल, म्हणजे कसोटीतही मारत सुटायची इंग्लंडची पद्धत. 2024 ला राजकोटला 2 बाद 224 वर रूटने बुमराला रिव्हर्स स्कूप मारला, स्लिपमध्ये कॅच. 319 ला सगळे खलास. इंग्लंड ती कसोटी 434 रननी हरलं आणि मालिका 4-1. फॉरवर्डमध्ये हे सोयीस्कर गाळलंय.

मुंबईच्या घरात असले मेसेज फिरतात याचंच जास्त वाईट वाटतं. 42 वेळा रणजी जिंकलेल्या या गावात खडूस ही शिवी नाही, पदवी आहे. भावोजींना ब्रिस्बेनचं स्कोअरकार्ड पाठवलंय, दोन निळ्या टिका दिसतायत, उत्तर नाही. भाच्याला मात्र सांगितलंय, रविवारी नेटमध्ये पहिले वीस बॉल ऑफ स्टंपबाहेरचा एकही खेळायचा नाही. टाकणार मी.