करायचं काही नसतंच

"मामा, यात करायचं काही नसतंच," असं भाची फोनवर म्हणाली, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. ज्या कामात करायचं काही नसतं त्याला आमच्या घरी दोन दिवस लागतात, हा अनुभव गाठीशी होता. पण कोल्ड ब्रूची, म्हणजे गार पाण्यात भिजवून करायच्या कॉफीची, कृती ऐकायला इतकी निरुपद्रवी की शंका घ्यायला जागाच नव्हती. कॉफी, पाणी, बरणी. रात्री भिजत घाल, झाकण लाव, झोप. सकाळी गाळ. उतू जाणं नाही, करपणं नाही, पातेल्याचा तळ खरवडणं नाही. स्वयंपाकघरातले माझे आजवरचे सगळे गुन्हे गॅसच्या साक्षीने घडलेले. साक्षीदारच काढून टाकला तर मी निर्दोष सुटेन, असा माझा कयास.

पहिल्या रात्री घरातल्या बाटलीतली चार चमचे कॉफी बरणीभर पाण्यात घातली, ढवळली, झाकण लावलं आणि बारा तास बोटही लावलं नाही. सकाळी गाळणी धरून ओतली. गाळणीत काही म्हणजे काही उरलं नाही. इतकं स्वच्छ काम माझ्या हातून कधीच झालं नव्हतं, म्हणून रिकाम्या गाळणीचा फोटो काढून भाचीला पाठवला. तिचा लगेच फोन आला. बराच वेळ ती नुसती हसतच होती.

"मामा, ती इन्स्टंट आहे. ती विरघळते."

म्हणजे जी कॉफी बारा सेकंदांत होते तिच्यासाठी मी बारा तास थांबलो होतो.

मग भाजलेल्या बिया आणल्या. कोल्ड ब्रूला पूड चालत नाही, भरड लागते. जाड्या मिठाच्या खड्याएवढी. आता मिक्सर ही वस्तू मध्यममार्गी नाही. तीन झटके दिले की निम्म्या बिया जशाच्या तशा, पाच दिले की पीठ. आणि खरं सांगायचं तर दोन्ही एकाच वेळी, एकाच भांड्यात. कॉफीच्या खास यंत्रात दोन चक्रांमधलं अंतर ठरवून देता येतं, म्हणून दाणे बऱ्यापैकी एकसारखे पडतात. मिक्सरचं पातं मात्र सापडेल त्याला सापडेल तसं फोडत सुटतं. ही अक्कल नंतर आली. त्या वेळी मी भांड्यात वरून डोकावलो, वर जाड कण दिसले, समाधान पावलो. पीठ तळाशी दबा धरून बसलं होतं.

रविवारी सकाळी ११ वाजता १०० ग्रॅम भरड ८०० मिली पाण्यात घातली. किती वेळ ठेवायची याबद्दल १२ ते २४ तास असं कुठलंही उत्तर बरोबर धरतात. मी मध्यम मार्ग म्हणून १६ तास ठरवले आणि बरणीवर तशी चिठ्ठी चिकटवताना ध्यानात आलं की ११ मध्ये १६ मिळवले की रात्रीचे ३ वाजतात. चिठ्ठी फाडली, २० तास लिहिले.

उकळीच्या जरा खालचं पाणी हे काम चार मिनिटांत उरकतं. एस्प्रेसोचं यंत्र ९ बारचा, म्हणजे हवेच्या साधारण नऊपट, दाब लावून २५-३० सेकंदांत मोकळं होतं. गार पाण्याला मात्र कसलीच घाई नसते. घाई मला होती. शिवाय समोर जे दिसत होतं ते धीर देणारं नव्हतं. सगळी भरड वर तरंगून आली, तिचा चार बोटं जाड थर झाला, त्यातून बुडबुडे फुटायला लागले आणि खाली पाणी तसंच्या तसं नितळ. बी भाजताना तिच्यात कार्बन डायऑक्साइड अडकून बसतो. तो बाहेर पडताना कणांना वर उचलून धरतो. कॉफी ताजी असल्याची ती खूण म्हणे. मला तो सरळसरळ असहकार वाटला. मी चमच्याने थर खाली दाबला. तो वर आला. पुन्हा दाबला. असं अर्धा तास चाललं आणि त्यात नक्की कोण कोणाला भिजवतंय ते कळेनासं झालं, कारण ओटा, बाही आणि चिठ्ठी एव्हाना ओली झाली होती. शेवटी बरणी फ्रिजमध्ये ठेवली.

पण ठेवली म्हणून सुटलो नाही. दुपारी पाहिली, संध्याकाळी हलवली, रात्री झाकण उघडून वास घेतला. साडेअकराला फ्रिजच्या उजेडात मी बरणीपुढे उकिडवा बसलेलो असताना मागून बायकोने हळूच विचारलं, "झोपलं का?"

सकाळी सातला आई माझ्याआधी फ्रिजपाशी पोहोचली होती.

"हे काय रे?"

"कॉफी."

"कधी केलीस?"

"काल सकाळी."

"मग गरम करून घे ना. पार गार झालीय."

"ती गारच असते, आई."

"कालपासून?"

"कालपासून."

आईने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं, फ्रिज बंद केला आणि म्हणाली, "चहा टाकते."

आता गाळणं. "सकाळी गाळ" हे दोन शब्द भाचीने ज्या सहजतेने उच्चारले होते, त्यांचा हिशोब मी तिच्याशी एकदा करणार आहे. चहाची गाळणी धरली. तिने फक्त मोठे कण अडवले आणि दबा धरून बसलेलं पीठ सन्मानाने खाली सोडलं. पेल्यात कॉफी नव्हे, पुराचं पाणी दिसत होतं. मग कागदी फिल्टर. पहिला अर्धा कप भराभर उतरला आणि मी शीळ घालायला लागलो, तोवर कागदाची छिद्रं पिठाने लिंपून टाकली. धार गेली, थेंब आले. मग थेंबही विचार करून यायला लागले. थेंब आधी टोकाशी जमायचा, फुगायचा, थरथरायचा, आता पडणार म्हणून मी श्वास धरायचो आणि तो पुन्हा आत गेल्यासारखा व्हायचा. जपानमध्ये क्योटोच्या नावाने ओळखली जाणारी एक पद्धत आहे. तिच्यात काचेच्या उंच मनोऱ्यातून गार पाणी कॉफीवर थेंब थेंब सोडतात आणि लोक ते पाहत शांत बसतात. मी त्या पद्धतीला न ठरवता पोहोचलो होतो, फक्त शांत नव्हतो.

थेंबांना कंटाळून मलमलचं फडकं आणलं. पातेल्याच्या तोंडाला ते बांधलं, त्यावर रबर चढवलं आणि बरणीतला सगळा ऐवज एकदम ओतला. फडकं मध्ये झोळीसारखं खाली गेलं. झोळीतून काळीभोर, नितळ, सुरेख कॉफी उतरायला लागली. मी बायकोला हाक मारली. यशाला एक तरी साक्षीदार असावा. ती दारात आली त्याच क्षणी रबर एका बाजूने सरकत सरकत काठावर आलं, क्षणभर तिथे थांबलं आणि टण्णकन उडून माझ्या चष्म्यावर आपटलं. फडकं, चोथा, पीठ, सगळं पातेल्यात. गाळलेल्या कॉफीत. बायको काही बोलली नाही. तिने फक्त चष्म्याकडे बोट दाखवलं, कारण रबर अजून तिथेच लोंबत होतं.

दुसऱ्यांदा गाळून हाती लागली ती ६०० मिली. घातलं होतं ८००. मी घरातल्या दोघींकडे संशयाने पाहिलं, जणू असलं काही प्यायला त्या रात्री उठल्या असतील. मग कळलं की कॉफीचा चोथा आपल्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून बसतो आणि पिळलं तरी धड सोडत नाही. पिळू नयेच, पिळलं की पीठ बाहेर येतं. हेही पिळल्यावर कळलं.

चव मात्र, कबूल करतो, फार छान होती. गुळगुळीत, गोडसर, कडवटपणा नावालाही नाही. गार पाणी कडू आणि आंबट अंश गरम पाण्याइतके ओढून काढत नाही. मी लगेच "यात आम्लच नसतं" असं दोन-तीन जणांना ठणकावून सांगितलं आणि भाचीने माझं विमान खाली उतरवलं. २०१८ साली अमेरिकेत गार आणि गरम दोन्ही कॉफ्या मोजून पाहिल्या, तर सामू, म्हणजे आंबटपणा मोजायचा आकडा (pH), जवळपास सारखाच निघाला, ४.८५ ते ५.१३. एकूण आम्लं गरम कॉफीत जास्त, एवढाच फरक. ज्यांना ठणकावलं होतं त्यांना मी अजून हे कळवलेलं नाही.

दुसऱ्या खेपेला मी शहाणा झालो. फ्रिजमध्ये जागा कमी, गाळायला वेळ कमी, तर पाणीच कमी घालावं. १०० ग्रॅमला ५०० मिली. याला अर्क म्हणतात. पिताना त्यात तेवढंच पाणी किंवा दूध घालायचं असतं. पहिलं वाक्य मी वाचलं होतं. संध्याकाळी ६ वाजता बर्फ टाकून २०० मिलीचा ग्लास भरला आणि चवीने रिकामा केला. कडू नसल्यामुळे जिभेने कसलीही पूर्वसूचना दिली नाही.

रात्री दीडला हिशोब केला, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. १०० ग्रॅम अरेबिका जातीच्या बियांत १२०० मिलीग्रॅमच्या आसपास कॅफिन असतं. बहुतेक सगळं पाण्यात उतरलं असं धरलं तर माझ्या एका ग्लासात ४०० तरी भरलं असणार. आणि निरोगी माणसाने अख्ख्या दिवसात घ्यावं त्याची मर्यादाही ४००च सांगतात. ते अंगातून निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे अकराला निम्मं झालं, पहाटे चारला पाव राहील. पावात झोप येते का, याचा कुठे उल्लेख सापडला नाही. दोनला मी फ्रिज पुसला. अडीचला बरण्यांची झाकणं जुळवली. दोन झाकणांना बरण्याच नाहीत असं निघालं. मग उरलेली भरड दिसली. बारीक चाळणी घेतली आणि सावकाश, एका लयीत, तिच्यातलं सगळं पीठ चाळून काढलं. इतके नीटस, एकसारखे दाणे माझ्या हाताखाली कधी आले नव्हते. ते तसेच डब्यात कोंबणं जिवावर आलं.

बरणीत पाणी ओतलं तेव्हा बरोबर ३ वाजले होते. १६ तास धरले तर संध्याकाळी ७.

"काय करतोयस रे तिकडे?" आतून बायकोचा आवाज आला.

"काही नाही," मी म्हणालो आणि झाकण लावलं.