हॅचरीतले (अंडी उबवून टाकीत पिल्लं वाढवायच्या केंद्रातले) मासे नदीत सोडण्याबद्दल एक खुलासा

"हॅचरीत पिल्लं वाढवून नदीत सोडली की नदीतला मासा वाढतो, जात एकच मग बिघडतंय काय" असा मेसेज फिरतोय. प्लीज असा सरसकट पुढे पाठवू नका.

अमेरिकेत ओरेगनच्या हूड नदीत स्टीलहेड (समुद्रात जाऊन अंडी घालायला नदीत परतणारा ट्राउट) माशांच्या डीएनएवरून कोणाची पिल्लं कोण हे शोधून काढलं, २००७ साली निष्कर्ष आले की टाकीत वाढलेल्या दर पिढीमागे नदीत यशस्वी प्रजनन करायची क्षमता साधारण ४० टक्के घटते. एका पिढीत एवढं!! कारण टाकीत आयतं खाणं मिळतं, शिकारी नाही, पूर नाही, त्यामुळे जे जीन्स नदीत मार खातील तेही तिथे टिकतात, आणि २०१२ च्या अभ्यासात तर हॅचरीत ज्यांची पिल्लं सगळ्यात जास्त जगली त्यांचीच पिल्लं नदीत प्रजननात सगळ्यात मागे पडलेली दिसली. वर हे मासे जंगली माशांशी जोड्या जमवतात म्हणजे ते जीन्स नदीच्या माशांतही शिरतात. शिवाय थोड्याच आईबापांपासून लाखो पिल्लं काढली की जीन्समधली विविधता आटते ते वेगळंच.

हॅचरी बंद करा असं म्हणत नाहीये, पण त्याच नदीतले जंगली आईबाप दरवेळी नव्याने घ्या, आणि दुसऱ्या नदीचं बीज तर आणूच नका.