प्रत्येक साइटला वेगळा आयपी? पैसे राहू द्या खिशात

सांगलीतल्या व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. सार असं: शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेक साइट असतात तिथे, एसएसएल (मजकूर सांकेतिक करून, म्हणजे एनक्रिप्ट करून पाठवायची सोय) लावायचं तर प्रत्येक साइटला स्वतंत्र आयपी (इंटरनेटवरचा आकडी पत्ता) लागतोच, त्यासाठीचं साइटची ओळख पटवणारं सर्टिफिकेट फुकटचं असलं तर कच्चं असतं, आणि तुमच्या साइटवर भलत्याचंच सर्टिफिकेट दिसलं तर साइट हॅक झाली म्हणून समजा. मार्केट यार्डातले अडते मला तो पाठवून विचारतात, "घ्यायचा का आयपी?" नका घेऊ.

पहिला मुद्दा एकेकाळी खरा होता, म्हणूनच तो मरत नाही. कुठली साइट हवी ते ब्राउझर आपल्या मागणीतल्या होस्ट हेडर नावाच्या ओळीत सांगतो. एसएसएल लावलेल्या पत्त्यावर, म्हणजे एचटीटीपीएसमध्ये, हे हेडर एनक्रिप्ट होऊन येतं आणि एनक्रिप्शन सुरू व्हायच्या आधी सर्व्हरला सर्टिफिकेट दाखवावं लागतं. नाव कळायच्या आत कुठलं दाखवणार? हाताशी फक्त आयपी. म्हणून एका आयपीला एकच सर्टिफिकेट. यावर तोड २००३ मध्येच निघाली: सर्व्हर नेम इंडिकेशन, म्हणजे एसएनआय. हँडशेकच्या, म्हणजे जोडणी जुळवतानाच्या बोलण्याच्या, पहिल्याच निरोपात, क्लायंट हॅलोमध्ये, ब्राउझर साइटचं नाव सांगून टाकतो आणि सर्व्हर त्या नावाचं सर्टिफिकेट पुढे करतो. अपाचे या सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये ही सोय २००९ पासून आहे. घोडं अडलं होतं ते विंडोज एक्सपीवरच्या इंटरनेट एक्सप्लोररपाशी, त्याला एसएनआय कळत नव्हतं. एक्सपीचा सपोर्ट एप्रिल २०१४ मध्ये संपला. आजही त्यावरून बेदाण्याचा भाव बघणारं गिऱ्हाईक असेल, तर त्याला सरळ फोन करा.

फुकटचं सर्टिफिकेट कच्चं, हे तर साफ खोटं. फुकट सर्टिफिकेट देणारी लेट्स एनक्रिप्टची सेवा डिसेंबर २०१५ पासून सर्वांना खुली आहे आणि एनक्रिप्शनची ताकद सर्टिफिकेटच्या किमतीवर ठरत नाही. विकतच्या काही प्रकारांत कंपनीची कागदपत्रं तपासतात, फरक तेवढाच. खरी मेख मुदतीत आहे. ही सर्टिफिकेटं फार तर ९० दिवसांची असतात आणि आपोआप नवी होतात, पण कुणी डीएनएस (साइटचं नाव कुठल्या आयपीवर न्यायचं याची नोंद) बदलला किंवा साइट तुमचीच आहे हे पडताळणारी फाईल भलतीकडे रिडायरेक्ट केली की नूतनीकरण गुपचूप अडतं.

आता भलत्याचं सर्टिफिकेट. समजा हळदीच्या पेढीच्या साइटला सर्टिफिकेट लावलेलंच नाही आणि गिऱ्हाइकाने पत्ता एचटीटीपीएसने उघडला. त्या नावाची नोंद ४४३ पोर्टवर, म्हणजे सर्व्हरच्या एचटीटीपीएसच्या दारावर, नाही, मग सर्व्हर यादीतली पहिली साइट पुढे करतो. ती कुठल्या तरी मंगल कार्यालयाची निघते, नाव जुळत नाही आणि ब्राउझर लाल पाटी दाखवतो. यात चोरी बहुधा काहीच झालेली नसते. इशाऱ्यात सर्टिफिकेट उघडून बघा, त्यात कुणाची नावं आहेत ते दिसतं. मग आपल्या नावाचं लावून घ्या, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसकट आणि त्याशिवायही. दोनपैकी एक नाव बरेचदा राहून जातं.

स्वतंत्र आयपी घ्यायचं एक कारण उरतं, ते मेलचं. शेजारच्या साइटवरून स्पॅम गेला आणि आयपी काळ्या यादीत पडला, तर तुमची बिलंही स्पॅममध्ये जाऊ शकतात. पण कित्येक होस्टिंगमध्ये बाहेर जाणारा मेल वेगळ्याच सर्व्हरवरून सुटतो, तेव्हा पैसे भरायच्या आधी तेवढं विचारून घ्या.