निळ्या लांगेचा गुडघा

लग्नाला सहा वर्षं झाली, तरी कुस्तीतला एकच शब्द मला येतो: ढाक. हा डाव कसा लावतात, लावल्यावर वर कोण असतो आणि खाली कोण, यातलं मला काही कळत नाही. पण मैदानात दर दहा मिनिटांनी "ढाकला जागा होती हं" असं पुटपुटलं की शेजारचा माणूस विचारात पडतो. तेवढ्यात जावयाची अब्रू वाचते.

माझं सासर सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठी. चैत्रात गावच्या देवाची यात्रा, तिसऱ्या दिवशी कुस्त्यांचं मैदान. यंदा आबांचे, म्हणजे सासऱ्यांचे, फोन पंधरा दिवस आधीच सुरू झाले. "जावईबापू, एक नंबरला अशी जोड नेमलीय की खासबागेत लागली असती तर दगड हलला असता." खासबाग म्हणजे शाहू महाराजांच्या काळात कोल्हापुरात उभं राहिलेलं 1912 सालचं मैदान. आबांच्या जगात गर्दी, उंची आणि माणसाचं चारित्र्य मोजायचं तेच एक माप. तरुणपणी ते कोल्हापूरच्या एका तालमीत होते. किती दिवस, ते नक्की सांगत नाहीत, पण त्यांचा डावा कान कुस्तीत मोडलेला आहे आणि उजवा शाबूत. सासूबाई म्हणतात, "दुसरा मोडायच्या आत पळून आलं."

मैदान चारला सुरू. आम्ही तीनला हजर, कारण "जागा मिळत न्हाई". जागा मिळाली, पण माझ्या नशिबी ती टिकली नाही. निवेदकानं माइकवरून पुकारलं, "पुण्याहून खास आलेले, आपल्या आबांचे जावई, यांनी सत्कारासाठी यावं!" मला नारळ मिळाला, फेटा मिळाला आणि पहिल्या रांगेत प्लास्टिकची खुर्ची मिळाली. फेटा ज्यानं बांधला त्याचा बहुधा माझ्या डोक्याशी जुना वाद असावा. पाच वाजेपर्यंत भुवया कपाळावर चढल्या आणि रात्री दहापर्यंत तिथंच राहिल्या. सगळ्या कुस्त्या मी आश्चर्यचकित चेहऱ्यानं पाहिल्या. लोकांना वाटलं, जावयाला भारीच गोडी दिसतीय.

खरं सांगायचं तर सुरुवातीच्या कुस्त्या होत्याच गोड. पोरांच्या. पूर्वी त्यांना रेवड्या मिळत, म्हणून अजून नाव रेवड्यांच्या कुस्त्या, आता दहा-वीसची नोट देतात. सात-आठ वर्षांची दोन पोरं लाल मातीत उतरली. एकाची लंगोट त्याच्यापेक्षा लांब. हलगी कडाडली. दोघांनी एकमेकांवर माती टाकली, काही न बोलता भिडली आणि अकराव्या सेकंदाला लांब लंगोटवाला दुसऱ्याच्या छातीवर बसलेला. उठला, नोट घेतली, दातात धरली आणि भेळेच्या गाड्याकडे पळाला. ना सत्कार, ना भाषण. आता वाटतं, मीही तेव्हाच त्याच्यामागून भेळ खायला गेलो असतो तर पुढचं सगळं टळलं असतं.

मग मोठ्या कुस्त्या आणि त्यांच्या अधूनमधून सत्कार. खरं म्हणजे सत्कार आणि त्यांच्या अधूनमधून कुस्त्या. माजी सरपंच, आजी सरपंच, होऊ घातलेले सरपंच, माती दिली ते, त्या मातीत घालायला ताक, हळद, लिंबं आणि तेल दिलं ते. हलगीवाला मधेच थांबून बिडी पिऊन यायचा.

साडेआठला एक नंबरची जोड आली. एकाची लांग, म्हणजे कुस्तीची चड्डी, तांबडी, दुसऱ्याची निळी. दोघंही पाव्हणे पैलवान, दोघांच्या छात्या दाराच्या फळीएवढ्या. हलगी, घुमकं आणि कैताळ असं एकदम उठलं की अंगावर काटा आला. निळ्यानं मैदानाला फेरी मारली, मातीला हात लावून कपाळाला लावला, शड्डू ठोकला. तो आवाज ऐकून मागच्या झाडावरची वटवाघळं उडाली. आबांनी माझा दंड इतका दाबला की दुसऱ्या दिवशी निळा पडला होता. "आता बघा," ते म्हणाले.

मी बघितलं. दोघांनी हात जोडले. मग एकमेकांच्या मानेवर हात ठेवले, कपाळाला कपाळ लावलं. आणि राहिले.

याला खडाखडी म्हणतात. ताकद अजमावायची, हाताला हात घालायचा, समोरच्याचा पाय कुठं आहे ते ध्यानात घ्यायचं. दोन मिनिटं लोकांनी भक्तिभावानं पाहिलं. पाचव्या मिनिटाला जाणकार म्हणाले, "दमवतोय त्याला." कोण कोणाला, ते सांगितलं नाही. दहाव्या मिनिटाला पहिला आवाज मागच्या अंधारातून आला, "आरं, पट काढ की!" दुसरा आला, "पट न्हाई तर निदान नाव तरी विचार त्याचं!"

तिथून मैदानाचा बांध फुटला.

"कानात काय सांगतोय रं? पगार विचारतोय जणू!"

"सोयरीक जमली, सोयरीक जमली! बैठक उरकून घ्या!"

"अंतरपाट धरा कुणीतरी!"

कोपऱ्यातल्या कॉलेजच्या पोरांनी खरोखरच सुरात "शुभ मंगल सावधान" केलं आणि चारी बाजूंनी चुरमुरे पडले. भेळवाल्याचा धंदा तेवढा बरा झाला. एक म्हातारा उठून उभा राहिला, दोन्ही हात तोंडाशी नेऊन ओरडला, "बदाम कुठल्या दुकानाचं खातोस रं? मला बी सांग, मला बी झोप येत न्हाई!" यावर तांबड्या लांगेचा खांदा हसल्यासारखा हलला. अर्ध्या तासात झालेली ती सगळ्यात मोठी हालचाल.

पंच दोघांभोवती गोल फिरत होते. 2025 साली अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीत पंचाला लाथ बसल्यापासून आमच्याकडचे पंच जोडीपासून एक पाऊल लांबूनच निर्णय घेतात. त्यांनी दोनदा "कुस्ती करा" असं बजावलं. जोडीनं एकदा हात बदलले.

शेजारी बसलेला आबांचा पुतण्या मोबाइलवरून डोकं न काढता म्हणाला, "मॅटच्या गादीवर असती तर कवाच सुटली असती. तीन-तीन मिनिटांचे दोन राउंड, मध्ये अर्धा मिनिट इश्रांती, आन् नुसतं हुबं राहिलं की पंच ताकीद देतोय." आबा त्याच्याकडे असे बघायला लागले, जसं त्यानं देवाच्या पालखीला चाकं लावायचं सुचवलं होतं.

"मातीतली कुस्ती निकाली असती," आबा म्हणाले. "बेळगावात 1977 ला बिराजदारांनी दिल्लीच्या सतपालला पाडलं, तवा मी हुतो."

यावर आसपासच्या पाच-सहा पांढऱ्या टोप्या वळल्या. तेही होते. माझ्या सहा वर्षांच्या पाहणीनुसार, कृष्णेपासून पंचगंगेपर्यंत पन्नाशीच्या पुढचा प्रत्येक पुरुष त्या दिवशी बेळगावात होता. काही तेव्हा दुसरीत असणार. पण हरिश्चंद्र बिराजदारांचं नाव निघालं की मान खाली घालून ऐकायचं, हिशेब करायचे नाहीत, एवढं मी शिकलोय.

माझ्या डाव्या बाजूला एक निवृत्त गुरुजी होते. माझा चेहरा बघून (फेट्यामुळे तो अजूनही थक्कच होता) त्यांनी मला धीर दिला. "हे काहीच नव्हे पाहुणे. 1910 साली लंडनला गामा पैलवान आणि पोलंडचा झिबिस्को लढले. झिबिस्कोनं गामाचा जोर बघितला आणि पोटावर पडून मातीला, म्हणजे तिथल्या गादीला, चिकटला. दोन तास पस्तीस मिनिटं! गोऱ्यांची गर्दी होती म्हणून चुरमुरे पडले नाहीत. कुस्ती बरोबरीत. पुढच्या आठवड्यात परत ठेवली, तर हा गडी आलाच नाही."

"मग?"

"मग अठरा वर्षांनी, 1928 ला, पतियाळात परत गाठ पडली. गामानं एका मिनिटाच्या आत चीत केला."

म्हणजे निकाल लागतो. अठरा वर्षं थांबायची तयारी हवी.

इथं माझ्या हातून चूक झाली. गुरुजींनी एवढं सांगितल्यावर आपणही काही द्यावं असं वाटलं, आणि 'ढाकला जागा होती' हे तोवर चारदा वापरून झालं होतं. मला 2015 साली मे महिन्यातल्या एका रविवारची सकाळ आठवली. लास वेगासला मेवेदर आणि पॅकियाओ यांची बॉक्सिंगची लढत होती, शतकातली सगळ्यात मोठी म्हणून गाजवलेली. आम्ही चार मित्र पोहे घेऊन टीव्हीसमोर बसलो होतो. अमेरिकेत तर लोकांनी घरच्या टीव्हीवर बघायला शंभरेक डॉलर मोजले. बारा राउंड झाले. एकजण मारायला जायचा, दुसरा तिथं नसायचा, आणि असलाच तर मिठी मारायचा. गुणांवर मेवेदर जिंकला. मग पॅकियाओ म्हणाला, माझा खांदा आधीपासूनच दुखावलेला होता. चिडलेले काही प्रेक्षक कोर्टात गेले. आमचे पोहे थंड झाले होते, पण आम्ही कोर्टात गेलो नाही.

हे सगळं त्या गोंगाटात सांगणं शक्य नव्हतं. म्हणून मी त्याचं सार काढलं आणि गुरुजींच्या कानाशी म्हणालो, "काहीतरी दुखावलेलं असेल हो. गुडघा वगैरे."

"कुणाचा?"

"निळ्याचा," मी म्हणालो. निळा जवळ होता, एवढंच कारण.

गुरुजी "असं होय" म्हणाले आणि पलीकडे झुकले.

पंचेचाळिसाव्या मिनिटाला कमिटी उठली. पाच मिनिटं वाढवून देऊ, पहिला गुण घेईल तो विजयी. पाच मिनिटांत कोणीही गुण घेतला नाही. दोघांचीही वृत्ती कमालीची निर्लोभी निघाली. कुस्ती बरोबरीत सोडवली, हात वर केले, इनाम निम्मं-निम्मं. प्रश्न राहिला चांदीच्या गदेचा. "एकाला दांडा द्या, एकाला गोळा!" ही सूचना तीन दिशांनी आली. शेवटी गदा देवळात ठेवायचं ठरलं.

आता खरी कुस्ती सुरू झाली. मैदानाला तिकीट नव्हतं, वर्गणी होती, आणि वर्गणी तिकिटापेक्षा फार वाईट. तिकीटवाला दुसऱ्या दिवशी विसरतो. वर्गणीवाला पावती शर्टाच्या खिशात घेऊन आलेला असतो. "माझं पाचशे परत!" "नूरा हाय, नूरा!" नूरा कुस्ती म्हणजे आधीच ठरवून केलेली. यावर एक जाडसर गृहस्थ म्हणाले, "नूरा असती तर कोण तरी पडला असता की! ठरवून केलेलीत काय तरी करून दाखवावं लागतंय." मला हा युक्तिवाद बिनतोड वाटला. मघाशी बदाम विचारणारा म्हातारा रडवेला झाला होता. नातवाला खांद्यावर घेऊन चार किलोमीटर चालत आला होता, आणि नातू झोपला होता. त्याचं मात्र मला खरंच वाईट वाटलं.

दोघं पैलवान घाम पुसत, खाली मान घालून त्या गर्दीतून गेले. जाताना लोक त्यांना शिव्या देत होते आणि पाठीवर हातही फिरवत होते. एकानं तर शिवी देता देता सेल्फी काढला.

घरी पोचायला साडेअकरा झाले. सासूबाईंनी भाकरी आणि मटणाचा रस्सा वाढला. फेटा सोडताना बायको म्हणाली, "गेलेला माणूस आणि आलेला माणूस वेगळा दिसतोय." आबा जेवेनात. "पुन्हा मैदानात पाऊल टाकणार न्हाई," एवढंच म्हणाले. सासूबाईंनी त्यांच्यासमोरचं ताट न उचलता नुसतं झाकून ठेवलं. अनुभव.

तेवढ्यात शेजारचे काका कडी वाजवून आत आले, ओसरीवर बसले आणि आवाज उतरवून म्हणाले, "आबा, आतली खबर लागली. निळ्याचा गुडघा गेल्याला हाय."

मी घास हातातच धरला.

"मिरजेत दाखीवलं. डागदर म्हणला, दोन म्हैनं माती बंद. पर गडी म्हणला, देवाच्या मैदानाचा शब्द दिलाय. तसाच उतारला."

आबांनी ताटावरचं झाकण काढलं. भाकरी मोडली. "तरीच," ते म्हणाले. "तरीच म्हणलं उजवा पाय फुडं का टाकत न्हाई."

"डावा गुडघा ना पण?" काका म्हणाले.

"डावाच. म्हणून तर उजव्यावर भार."

मला राहवेना. "आबा, अहो ते मी... म्हणजे गुडघ्याचं मीच सहज गुरुजींना म्हणालो होतो. मला काही माहीत नाही."

आबांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, लेक कोणाच्या घरी दिली याची जुनी काळजी होती. "जावईबापू," ते म्हणाले, "तुमचं ते ढाक ऐकून घेतोय आम्ही सहा वर्षं. गुडघ्यातलं तुम्हाला काय कळतंय?"

काकांनीही मान हलवली. रस्सा वाढून झाला, आणि रात्री एकपर्यंत ओसरीवर चार-पाच जण त्या गुडघ्याचा इतिहास बोलत बसले. तो मागच्या वर्षी सराव करताना गेला होता. तेल कोणी लावलं, हाड कोणी बसवलं, सगळं निघालं. मैदानातून शिव्या देत उठलेली माणसं आता त्या गड्याची तारीफ करत होती. सगळ्यात जास्त आबा. एकदा तर मलाही निळा किंचित लंगडत चालल्याचं आठवायला लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पुण्याला परतलो. आठवडाभरानं आबांचा फोन.

"जावईबापू, पलूस बाजूला यात्रा हाय. एक नंबरला तीच जोड."

"तीच? आबा, तुम्ही तर पाऊल टाकणार नव्हता."

"आवो, तवाची गोष्ट येगळी," आबा म्हणाले. "गुडघा बरा झालाय न्हवं त्याचा."