आपल्या रहस्यकथाकारांना आपण विचारलंच नाही

इंग्रज रहस्यकथाकार अगाथा ख्रिस्तीच्या आत्मचरित्रातल्या एका जागेवर मी दर वेळी अडकते. १९२६ साली तिची आई गेली. इंग्लंडमधल्या टॉर्कीचं माहेरघर एकटीनं आवरता आवरता तिची तब्येत पार ढासळली. त्याच वर्षी नवऱ्यानं सांगून टाकलं की माझं दुसरीवर प्रेम आहे, मला घटस्फोट हवा. डिसेंबरात ती अकरा दिवस बेपत्ता झाली आणि शेवटी सापडली हॅरोगेटच्या एका हॉटेलात. तिथल्या रजिस्टरमध्ये तिनं आडनाव लावलं होतं ते नवऱ्याच्या प्रेयसीचं. या अकरा दिवसांवर आजवर ढीगभर लिहून झालंय. आत्मचरित्रात मात्र त्याबद्दल एक अक्षर नाही.

तिनं लिहिलंय ते त्यानंतरचं. पुढच्या वर्षी ती कॅनरी बेटांवर गेली. सोबत सात वर्षांची मुलगी रोझलिंड आणि सेक्रेटरी. पैशाची गरज होती, प्रकाशकाला पुस्तक द्यायचं कबूल केलेलं होतं. 'द मिस्ट्री ऑफ द ब्लू ट्रेन' ती तोंडी सांगत होती, सेक्रेटरी लिहून घेत होती, आणि मुलगी बाजूला थांबून, हे कधी संपतंय, म्हणून आईकडे एकटक बघत होती. अशा वेळी कसली सुचतेय गोष्ट! पण पुस्तक झालं, १९२८ साली बाजारातही आलं. तिला ते कधीच आवडलं नाही. तरी ती म्हणते की हौशी लेखिकेची व्यावसायिक लेखिका मी झाले ती त्या दिवसांत. लिहायची इच्छा नसताना, जे लिहितोय ते मनाला पटत नसताना आणि फारसं जमतही नसताना लिहीत राहायचं, हे या व्यवसायाचं ओझं तिनं तेव्हा उचललं.

मला हा परिच्छेद त्या अकरा दिवसांच्या गूढापेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो. खून कुणी केला हे लपवून ठेवण्यात हयात घालवलेली बाई, पुस्तक कसं तयार होतं हे मात्र काहीही न लपवता सांगते. तिच्याकडे लिहिण्यासाठी अशी स्वतंत्र खोली नव्हती. भक्कम टेबल आणि टाइपरायटर एवढं तिला पुरायचं. बेडरूममधलं संगमरवरी वॉशस्टँड चालायचं, दोन जेवणांच्या मधल्या वेळात जेवणाचं टेबलही चालायचं. फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात ती 'विवाहित स्त्री' असं लिहायची. तिच्या मागे सत्तरहून जास्त वह्या राहिल्या. जॉन करन यांनी त्या वाचून त्यांवर पुस्तकं लिहिली. त्या वह्यांत कथानकाचे आराखडे आहेत आणि त्यांच्यातच घरच्या सामानाच्या याद्याही आहेत. ज्या बाईनं घर चालवता चालवता काही लिहायचा प्रयत्न केलाय तिला या वह्या बघून काय वाटेल ते मला वेगळं सांगायला नको.

पहिल्या महायुद्धात ती टॉर्कीच्या इस्पितळात आधी नर्सिंग करत होती, मग तिथल्या औषधं बनवण्याच्या विभागात गेली. विषांची माहिती तिला तिथून मिळाली. त्या शिकण्याच्या काळात गावातला एक औषधविक्रेता तिला भेटला. एकदा त्यानं खिशातून काहीतरी काढून दाखवलं. क्युरारे. रक्तात गेलं की माणूस संपतो. हे खिशात का बाळगतोस, तर म्हणे, त्यानं मला ताकद असल्यासारखं वाटतं. तो माणूस तिच्या डोक्यात चाळीसेक वर्षं राहिला आणि १९६१च्या 'द पेल हॉर्स'मध्ये कामी आला. त्याच कादंबरीत थॅलियम या विषाची लक्षणं तिनं इतकी चोख लिहिली होती की १९७७ साली लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमध्ये कतारहून आणलेल्या एका लहान मुलीचं दुखणं डॉक्टरांना उमगेना, तेव्हा ती कादंबरी वाचत असलेल्या एका नर्सनं थॅलियमची शंका काढली. शंका खरी निघाली आणि मूल वाचलं. ख्रिस्ती त्याच्या आदल्या वर्षी, जानेवारी १९७६मध्ये गेली होती. तिला हे कळायला हवं होतं असं फार वाटतं.

हे सगळं आपल्याला माहीत आहे, कारण तिनं ते लिहून ठेवलं आणि तिच्या माणसांनी वह्या रद्दीत घातल्या नाहीत. माझं आजचं म्हणणं एवढ्यापुरतंच आहे.

इंग्लंडचीच रहस्यकथाकार पी. डी. जेम्स घ्या. नवरा युद्धावरून परतला तो मानसिक आजार घेऊन. दोन मुली. संसाराचा भार हिच्यावर, म्हणून इस्पितळाच्या प्रशासनात नोकरी. पहाटे उठून, कामावर निघायच्या आधी लिहायची. पहिलं पुस्तक १९६२ साली आलं तेव्हा ती चाळिशी ओलांडून गेली होती. दुसऱ्याच कादंबरीत खून होतो तो मानसोपचाराच्या क्लिनिकमध्ये, आणि तिथल्या फायली, रजा, बढत्या, कर्मचाऱ्यांच्या कुरबुरी अशा उतरल्यात की ऑफिसात आयुष्य काढलेल्या माणसाला लगेच ओळख पटते. पुढे ती ब्रिटनच्या गृहखात्यात गेली. सत्त्याहत्तराव्या वाढदिवसापासून तिनं वर्षभर डायरी लिहिली आणि ती छापली. त्यात नवऱ्याच्या आजाराबद्दल फार थोडं आहे, आणि थोडंच का, तेही ती स्वच्छ सांगते.

फार लांब नको, अलाहाबादला येऊ. उर्दूतले रहस्यकथाकार इब्ने सफी. खरं नाव असरार अहमद. मित्रांच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं की उर्दूत अश्लील लिहिल्याशिवाय पुस्तक खपत नाही. यांनी ते मनावर घेतलं आणि १९५२ साली 'जासूसी दुनिया' ही रहस्यकादंबऱ्यांची मालिका सुरू केली. त्याच वर्षी कराचीला गेले, पण पुस्तकं सीमेच्या दोन्ही बाजूंना निघत राहिली. १९६० ते ६३ ते गंभीर मानसिक आजारानं अंथरुणाला खिळले. त्या तीन वर्षांत त्यांच्या नावाशी मिळतीजुळती नावं घेऊन भलत्यांनीच बाजार भरून टाकला. बरे झाल्यावर आलेल्या 'डेढ मतवाले' या कादंबरीचं भारतात प्रकाशन झालं ते लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते. आपण हे का लिहितो यावर सफींनी स्वतः लिहिलंय. माणसानं कायद्याचा मान ठेवायला शिकावं, ही त्यांची इच्छा होती. कुणाला हे भाबडं वाटेल. मला वाटत नाही. फाळणीचा रक्तपात ज्या पिढीनं पाहिला, तिच्यातल्या माणसानं कायद्याची बाजू घेऊन शेकडो पुस्तकं लिहावीत यामागे मोठी वेदना आहे.

हिंदीतले सुरेंद्र मोहन पाठक तर दिल्लीत नोकरी सांभाळून लिहीत आले. तीनशेच्या आसपास कादंबऱ्या. प्रत्येक कादंबरीच्या सुरुवातीला 'लेखकीय' असायचं, त्यात वाचकांच्या पत्रांना उत्तरं, आधीच्या कादंबरीवरच्या शिव्यांनाही. मोठ्या वयात त्यांनी आत्मकथेचे खंड लिहिले. प्रकाशकांशी झालेले व्यवहार, मानधनाची ओढाताण, सगळं त्यात आहे.

आणि आता आपण.

बाबुराव अर्नाळकर. मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू, गोलंदाज ही त्यांच्या कथांतली माणसं. माझ्या आधीच्या दोन पिढ्यांना ही नावं शेजाऱ्यांच्या नावांइतकी पाठ होती. १९३६ ते १९८४ या काळात हजाराहून अधिक रहस्यकथा, ज्याची नोंद गिनेस बुकानं घेतली. हिशोब करा, महिन्याला जवळजवळ दोन पुस्तकं, सलग अठ्ठेचाळीस वर्षं. १९९६ साली ते गेले. हा माणूस सकाळी किती वाजता लिहायला बसायचा? कथानक आधी कागदावर मांडायचा की थेट लिहीत सुटायचा? एका पुस्तकाचे किती पैसे मिळायचे आणि कधी मिळायचे? इंग्रजी पुस्तकांतून काय उचललं, कशाला मराठी कपडे घातले, आणि कुठे स्वतःचंच रचलं? स्वातंत्र्याच्या आधीचा झुंजार आणि नंतरचा झुंजार यांत त्यांनी जाणूनबुजून काही बदललं का? या प्रश्नांची सविस्तर, त्यांच्याच शब्दांतली उत्तरं मला हवी आहेत, आणि हाती लागतात त्या चार ओळींच्या आठवणी आणि ऐकीव किस्से. सतीश भावे यांनी निवडक अर्नाळकर पुन्हा वाचकांसमोर आणले, त्याबद्दल त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे. पण गोष्टी परत आल्या म्हणून गोष्टी लिहिणारा परत येत नाही.

गुरुनाथ नाईक पत्रकार. सत्तरच्या दशकापासून त्यांच्याही कादंबऱ्यांचा आकडा हजारापलीकडे गेला. २०२१ साली पुण्यात गेले तेव्हा बहुतेक श्रद्धांजल्यांत तो आकडाच होता. सुहास शिरवळकर २००३ मध्ये पंचावन्न वर्षं पुरी व्हायच्या आत गेले. दारा बुलंद, फिरोज इराणी, मंदार पटवर्धन या त्यांच्या नायकांसाठी आमच्या कॉलेजात मुलं रांगा लावायची. त्यांच्या 'दुनियादारी' कादंबरीवर सिनेमा निघाला तो त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, आणि मग अचानक सगळ्यांना ते मोठे लेखक वाटू लागले. सत्तर-ऐंशीच्या दशकात रहस्यकथेकडून गंभीर कादंबरीकडे वळताना त्यांच्या मनात काय चाललं होतं, हे त्यांच्या हयातीत दोन तास समोर बसून कुणीतरी नीट विचारायला हवं होतं.

आमच्या तालुक्याच्या गावी एक सर्क्युलेटिंग लायब्ररी होती. एकाच खोलीत, पत्र्याचं छत. खाकी कव्हर घातलेली पॉकेटबुकं, पाठीवर शाईनं नंबर, आतल्या पानावर तारखांचे शिक्के इतके की वर जादा कागद चिकटवावा लागायचा. आई शाळेतून येताना दोन पुस्तकं आणायची, कणीक भिजवून झाली की ओट्याला टेकून उभ्या उभ्या वाचायची. बाबांना ते फारसं रुचायचं नाही, 'काय त्या खुनाच्या गोष्टी' म्हणायचे. आई काही बोलायची नाही, पुस्तकही खाली ठेवायची नाही. त्या पुस्तकांच्या समासात वाचकांनी पेन्सिलीनं लिहिलेलं असायचं. 'खुनी दिवाणजी आहे' असं कुणीतरी सोळाव्या पानावर लिहून ठेवलेलं, त्याखाली दुसऱ्या हस्ताक्षरात 'खोटं आहे, वाचत राहा.' मराठी वाचकाचं लेखकाशी आणि आपापसात इतकं जिवंत नातं मी नंतर कुठल्याही थोर पुस्तकाच्या समासात पाहिलेलं नाही. लायब्ररी बंद झाली तेव्हा ती पुस्तकं किलोवर गेली.

आता कुणी म्हणेल की त्या लिखाणाला दर्जा नव्हता, परक्या पुस्तकांवर डल्ला होता, बायकांची चित्रं उथळ होती, मुखपृष्ठं तर बघवत नव्हती. यातलं बरंचसं खरं आहे, मी नाकारत नाही. रतीब घातल्यासारखं लिहिताना पुष्कळ पाणी पडतंच. पण म्हणूनच तर विचारायचं होतं. महिन्याला दोन-दोन पुस्तकं लिहिताना लेखक कुठे तडजोड करतो आणि कुठे अडून बसतो, हे त्याच्याच तोंडून कळतं. ख्रिस्तीनं आपल्या नावडत्या पुस्तकाबद्दल लिहिलं म्हणून तिचं आवडतं पुस्तक मला जास्त कळलं. आपण समीक्षेत या लेखकांना 'लोकप्रिय' या डब्यात टाकलं आणि झाकण लावलं. लोकप्रिय म्हणजे उत्तर मिळालंच, अशा थाटात. मराठी माणसाला वाचायची सवय लावणाऱ्या या लोकांच्या कामाच्या पद्धतीबद्दल आपल्याला जेवढी माहिती आहे, त्याहून जास्त आपल्याला टॉर्कीच्या एका औषधविक्रेत्याच्या खिशाबद्दल आहे. मला याचा मनापासून राग येतो, आणि त्याहून जास्त दुःख होतं.

अजून सगळं संपलेलं नाही. ज्या छापखान्यांत ही पुस्तकं जुळवली गेली तिथले कंपोझिटर, मुद्रितं तपासणारे, मुखपृष्ठं काढणारे चित्रकार, पुस्तकांची विक्री करत एसटीनं गावोगाव फिरलेली माणसं, लायब्ररीवाले, यांतले काही आज ऐंशीच्या घरात आहेत आणि बोलू शकतात. त्यांच्याकडे लेखकाच्या हस्तलिखिताच्या आठवणी आहेत. अक्षर कसं होतं, खाडाखोड असायची की नाही, शेवटचं प्रकरण छपाई सुरू झाल्यावर हाती यायचं का, हे त्यांना माहीत आहे. आपल्याकडे मोबाईल आहे, आवाज टिपायला त्याहून जास्त काही लागत नाही. विद्यापीठांच्या मराठी विभागांत दरवर्षी प्रबंधांचे विषय शोधत फिरणारी मुलं आहेत. एखाद्या मार्गदर्शकानं तरी त्यांना या माणसांकडे पाठवावं.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी या लेखकांचं पत्र, करार, मानधनाची पावती, प्रकाशकाची हिशोबाची वही, अगदी एखादं हाताने दुरुस्त केलेलं मुद्रित असेल, तर कृपा करून दिवाळीच्या साफसफाईत टाकू नका. फोटो काढा, तारीख-गाव लिहून ठेवा, आणि मूळ कागद जवळच्या जुन्या ग्रंथसंग्रहालयाशी बोलून तिथे द्या. त्यांनी नाही म्हटलं तर मला मेसेज करा, मी येऊन घेऊन जाईन. नाशिक, पुणे, मुंबईत कुठेही येईन. आणि छापखान्यात किंवा लायब्ररीत काम केलेलं कुणी घरात असेल तर त्यांचं नाव इथे जाहीर लिहू नका, आधी त्यांना विचारा, मग मला कळवा.